गालिचा लाल निघाला

फरासमामा घरात शिरले की माणसांच्या तोंडाकडे आधी बघत नसत, जमिनीकडे बघत. वहाणा दाराबाहेर काढायच्या, ओट्याशेजारच्या नळावर पाय धुवायचे, खांद्यावरच्या पंच्याने बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करायच्या आणि मग डोळे मिटून गालिच्यावरून सावकाश चालायचं. आधी लांबीने, मग रुंदीने, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. मध्येच थांबून टाच दाबायचे आणि म्हणायचे, "इथं दूध सांडलंय, बाईसाहेब. जुनं आहे." आई तोंडाला पदर लावून हसायची, कारण तिथे दूध खरोखरच सांडलं होतं आणि तेही दादाच्या बारशाला. फरासमामांनी हे ओळखलं तेव्हा दादा कॉलेज संपवून नोकरीला लागला होता.

त्यांचं खरं नाव मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. बडोद्याच्या मराठी घरांतून ते फरासमामाच होते. संस्थानच्या काळात ते फरासखान्यात होते. फरासखाना म्हणजे गालिचे, सतरंज्या, तंबू, कनाती सांभाळणारं खातं, आणि तिथला माणूस तो फरास. संस्थान विलीन झालं, पुढे गुजरात वेगळा झाला, खाती गेली, माणसं उरली. ज्यांना शिकलेली मुलं होती ती सावरली. फरासमामांनी सायकलच्या कॅरिअरवर एक वेताची छडी, दोन कुंचे, पाणी ओढायची एक लाकडी खरवड आणि रिठ्यांची पिशवी बांधली आणि दांडिया बाजार, रावपुरा अशा भागांतल्या ज्या ज्या घरांत संस्थानी वैभवाचा एखादा तुकडा उरला होता, तिथे जाऊ लागले. राहायला प्रतापनगरला, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये. मुलगा दत्ता वर्कशॉपात फिटर होता, त्याच्याकडे.

गालिचा कसा साफ करावा याबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती ऐकवल्याशिवाय ते कामाला हात घालत नसत. झाडायचा तो लोकर ज्या बाजूला झुकते त्या बाजूलाच, उलटा कुंचा फिरवला तर धूळ मुळाशी जाऊन बसते. बडवायचा तो पालथा घालून. उन्हात टाकायचा नाही, सावलीत वाऱ्याला ठेवायचा. पाणी लावण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा चोळून बघायचा, फडक्याला रंग लागला तर पाण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. "गालिचा माणसासारखा असतो का?" असं मी एकदा कॉलेजकन्येच्या कौतुकाने विचारलं, तर म्हणाले, "नाय हो ताईसाहेब, गालिचा गालिच्यासारखाच असतो. माणसाला कुठं पांढरं फडकं लावून बघता येतं?"

त्यांची बोली अस्सल बडोदेकराची. मराठी बोलता बोलता गुजराती कधी येई ते त्यांनाही कळत नसे. काम झालं की "एकदम सरस", घाई केली की "खमा, उतावळ नको", आणि काही बिघडलं तर "वांधा नाय". आप्पांना हे आवडत नसे. आप्पा म्हणजे माझे वडील, कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क. घरात शुद्ध मराठीच बोललं पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता. फरासमामा त्यांना साहेब म्हणत आणि आप्पा त्यांना "अरे फरास" म्हणत. फरासमामा आप्पांपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठे असतील. त्या वेळी यात काही खटकण्यासारखं आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

आणखी एक त्यांची खोड. चार घरांत जाणाऱ्या माणसाकडून चार घरांतलं ऐकायला मिळावं ही आईची साधी अपेक्षा. "त्या वकिलांच्या सूनबाई माहेरी गेल्यात म्हणे?" असं ती चहाचा कप पुढे करता करता विचारी. फरासमामा बशीत चहा ओतून फुंकर मारत सांगत, "वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात ओल येते, बाईसाहेब. सतरंजी उचलून ठेवा म्हटलंय." आईने पुन्हा खोदून विचारलं तर हसून म्हणत, "मी धूळ नेतो, बात नाय नेत." फरासखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवलं जाई म्हणे. खोल्यांत जे कानावर पडतं ते तिथल्या तिथे विसरायचं. मी त्यांची ही सवय फार मोठा गुण म्हणून मैत्रिणींना सांगत असे. तिची किंमत कोण मोजणार आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमच्या घरातलं वैभव म्हणजे एक गालिचा. आजोबा राजवाड्याच्या खानगी खात्यात कारकून होते. दसऱ्याच्या दरबारात महाराजांच्या गादीसमोर जो गालिचा अंथरत, तो त्यांच्या सेवेवर खूश होऊन त्यांना बक्षीस मिळाला, ही आमच्या घराण्याची कथा. आप्पा ती प्रत्येक पाहुण्याला सांगत. दर वेळी त्यात एखादा मानकरी वाढत असे. गालिच्याचा रंग कॉफीसारखा, मधे काळपट वेलबुट्टी, खालून जाड किंतानाचं अस्तर शिवलेलं. "दरबारी रंग असेच असतात, भडकपणा नाही," असं आप्पा म्हणत. दरबारी गालिच्याला पाणी लावायचं नाही हा आजोबांपासूनचा नियम होता. त्यामुळे चाळीस वर्षं तो फक्त झाडला जाई. फरासमामा वर्षातून एकदा येऊन त्यावरून चालत आणि हळहळत, "साहेब, एकदा धुऊ द्या. आत माल वेगळा आहे." आप्पा मान हलवत नसत.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा गुजरात होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मुलीचे वडील रावसाहेब, संस्थानच्या वेळचे न्यायाधीश, जुन्या इतमामाचं घराणं. साखरपुडा आमच्या घरी व्हायचा होता. घराला रंग दिला, पडदे नवे केले आणि नव्या भिंतींपुढे गालिचा अगदीच केविलवाणा दिसायला लागला. तेव्हा कुठे आप्पा विरघळले आणि तो साफ कसा करायचा यावर घरात खल सुरू झाला. आईचं म्हणणं, धुण्याच्या पावडरीचं पाणी आणि मऊ ब्रश. आप्पांच्या कचेरीतल्या कुणीतरी रावपुऱ्यातल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचं नाव काढलं, ते पेट्रोलने धुतात, पाणी लागतच नाही. मी गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या वहीत 'लोकरी वस्त्रांची निगा' असं एक अख्खं प्रकरण होतं. मी म्हटलं, शास्त्रीय पद्धतीने ठरवू.

शास्त्रीय पद्धत म्हणजे काय केलं, तर आप्पा कचेरीत गेलेले बघून गालिच्याच्या एका कोपऱ्यावर मी पावडरीचं गरम पाणी ओतलं आणि ब्रशने घासलं. शेजारच्या हातभर जागेवर बाटलीतलं पेट्रोल लावलं. पेट्रोलचा नुसता वास राहिला, मळ तसाच. पावडरीची जागा मात्र वाळली तशी तळहाताएवढी पिवळी पडली. लोकर ताठ झाली आणि शेजारच्या काळपट पानाचा रंग तिच्यात उतरून एक ओंगळ वळ उठला. वहीत लिहिलं होतं की लोकरीला क्षार चालत नाही. ते मी परीक्षेत अचूक लिहिलं होतं. आप्पांचा दरबारी गालिचा मी बिघडवला होता. दुपारभर मी त्या डागाशेजारी बसून रडले, मग कोपरा दुमडून वर तक्क्या ठेवला आणि संध्याकाळी आप्पांना म्हटलं, "फरासमामांनाच देऊ या. त्यांच्यासारखं कुणाला येत नाही." माझ्या या समंजसपणाचं आप्पांना कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी फरासमामा आले, पाय धुतले, डोळे मिटले आणि चालू लागले. तिसऱ्या कोपऱ्याशी थांबले. टाच दाबली नाही, नुसता अंगठा फिरवला. "हे कालचं आहे," म्हणाले आणि डोळे उघडून आयुष्यात पहिल्यांदा आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. आप्पा आत दाढी करत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात जोडले. "आप्पांना सांगू नका." त्यांनी खाली बसून डाग बघितला, नखाने लोकर उकलून बघितली. "हे आता जात नाय. पण वांधा नाय. अंथरताना हा कोपरा कपाटाखाली घालू. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाय, शांती ठेवा." एवढं बोलून ते आप्पांना हाक मारायला गेले आणि धुवायला परवानगी घेऊन आले.

धुलाई गच्चीवर झाली. ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर सकाळींपैकी आहे, आणि हे म्हणताना माझी मलाच चीड येते. त्यांनी आधी अस्तर उसवलं, गालिचा पालथा घालून तासभर बडवला. रेतीचा ढीग निघाला. मग पांढऱ्या फडक्याची परीक्षा, मग थंड पाणी, मग रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचा फेस. फेस पसरून खरवडीने लोकरीच्या दिशेने तो ओढत नेत. मोरीकडे जाणारं पाणी आधी शाईसारखं काळं, मग चहासारखं, मग फिक्या चहासारखं. चौथ्या पाण्याला कॉफीच्या रंगाखालून लाल वर आला. नुसता लाल नाही, जास्वंदीसारखा लाल, आणि काळपट पानं हिरवीगार. फरासमामा मांडी घालून त्या ओल्या गालिच्यापाशी बसले आणि म्हणाले, "बघा ताईसाहेब. चाळीस वर्षं तुम्ही मळाची पूजा केली." शेवटच्या पाण्यात त्यांनी रंग धरून ठेवायला तुरटी फिरवली. मधे एकदा मला म्हणाले, "जा, जेवून या, मी आहे." मी जेवून आले. दुपारी ऊन चढलं तसा त्यांनी गालिचा गुंडाळला आणि हातगाडीवर घालून सावलीत वाळवायला प्रतापनगरला नेला. दोन दिवसांनी आणतो म्हणाले.

ते परत आले त्या सकाळी रावसाहेब आमच्याकडे बसले होते. साखरपुड्याचं काहीबाही ठरवायला न सांगता आले होते. आप्पा त्यांना दरबारी गालिच्याची कथा सांगत होते. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. फरासमामा दारात आले, पाय धुतले, आणि कुणाची परवानगी न विचारता, त्यांचा तो आनंदच तसा होता, गालिचा दिवाणखान्यात उलगडला. खोली उजळली. रावसाहेबांच्या तोंडून "वा!" गेलं.

"साहेब, मागं नंबर निघाला," फरासमामा म्हणाले. त्यांनी एक कड उलटून दाखवली. अस्तराखाली इतकी वर्षं झाकलेला शाईचा आकडा होता. "पुढं 'छ' आहे बघा, म्हणजे छावणी. शिकारीच्या तंबूतला माल. आणि गाठ बघून सांगतो, जेलमध्ये विणलेला. पण काम एकदम सरस! जन्मठेपवाल्याला कुठं उतावळ असते?"

रावसाहेब मोकळेपणाने हसले. त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे मी आज शपथेवर सांगू शकते. पण आप्पांचा चेहरा पांढरा पडला. महाराजांच्या गादीसमोरचा गालिचा एका वाक्यात तंबूतला आणि तुरुंगातला झाला होता, आणि तोही व्याह्यांसमोर. आप्पा म्हणाले, "हा आमचा गालिचा नव्हे."

फरासमामांना ती तारीफ वाटली. "धुतल्यावर सगळे असंच म्हणतात, साहेब."

"मी चेष्टा करत नाही, फरास. आमचा गालिचा कॉफीच्या रंगाचा होता. त्याच्यावर आकडा नव्हता. आमचा गालिचा कुठे आहे?"

फरासमामांना समजायला थोडा वेळ लागला. मला लगेच समजलं. मी म्हटलं, "आप्पा, धुताना लालच निघत होता." आप्पा माझ्याकडे वळले. "ओला गालिचा लालसर दिसतोच. तू सबंध वेळ तिथे होतीस?" मी म्हटलं, "मधे जेवायला खाली आले होते." खरं तेच सांगितलं. "आणि दोन दिवस तो ह्याच्या घरी होता," असं आप्पा रावसाहेबांना म्हणाले, जणू खटलाच चालला होता. रावसाहेबांनी कप खाली ठेवला. ते न्यायाधीश होते, पण दुसऱ्याच्या घरात न्यायाधीश होणं त्यांना बरं वाटलं नसावं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

फरासमामा खाली वाकले आणि गालिच्याचा तिसरा कोपरा, जो मुडपलेला राहिला होता, तो माझ्या पायांशी सरळ केला. पिवळा डाग तिथेच होता, तळहाताएवढा, काळ्या वळासकट. त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की आप्पा, हा डाग मी पाडला आहे, धुवायच्या आधीच, आपल्याच गालिच्यावर. म्हणजे हा तोच आहे. दहा-बारा शब्दांचं काम. पण ते बोलले असते तर दरबारी गालिचा परस्पर बिघडवल्याचं बाहेर आलं असतं, तेही दादाच्या सासऱ्यांसमोर. मी ट्रेमधल्या बशा नीट लावत राहिले. लावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पोलिसात देत नाही, तेवढेच उपकार समज," आप्पा म्हणाले. फरासमामांनी छडी उचलली, पंचा खांद्यावर टाकला. "साहेब, गालिचा तुमचाच आहे. आज नाय ओळखलात तर उद्या ओळखाल. मी थांबतो." असं म्हणून ते गेले. जाताना त्यांनी कोपरा पुन्हा दुमडून ठेवला. त्यांच्या सायकलची घंटा वळणावर वाजली तोवर आप्पांनी रावसाहेबांना पुन्हा चहा विचारला होता.

दुसऱ्याच दिवशी आप्पांनी आईकडून ते जुनं अस्तर पुन्हा शिवून घेतलं. गालिचा जर आमचा नव्हता तर त्याचा आकडा झाकायची काय गरज होती, हे मी विचारलं नाही. साखरपुडा त्याच लाल गालिच्यावर झाला. कोपरा कपाटाखाली मीच घातला.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. आप्पा ही हकिगत मराठी घरांतून सांगत गेले आणि एकेक दार फरासमामांना बंद होत गेलं. कुणी भांडलं नाही, कुणी चोर म्हटलं नाही. "सध्या नको, मामा," एवढंच. मग त्या घरांतले गालिचे रावपुऱ्यातल्या त्या दुकानात जाऊ लागले. एकाचा रंग फुटला, एक आखडला, वकीलसाहेबांचा तर कडा गुंडाळून परत आला. "हल्ली कामाला माणूस मिळत नाही," असं वकीलसाहेब आमच्याकडे बसून म्हणाले आणि आप्पांनी मान डोलावली. मला तेव्हा दोघांचाही इतका संताप आला, आणि तो गिळणं मला इतकं सहज जमलं, की मी स्वतःलाच घाबरले.

दोन महिन्यांनी मी एकटी प्रतापनगरला गेले. फरासमामा क्वार्टर्सच्या ओट्यावर बाज विणत बसले होते. दत्ता ड्यूटीवर होता. त्यांनी मला बसायला पाट दिला. मी रडले, माफी मागितली, माझंच चुकलं असं तीन-चार वेळा म्हटलं. ते पट्टी ओढत राहिले. मग म्हणाले, "मला काय सांगता, ताईसाहेब? मला तर ठाऊकच आहे. जिथं सांगायचं तिथं सांगा." मी म्हटलं, "सांगते." त्यांनी पट्टीला गाठ मारली. "कपाट हलवा, कोपरा दाखवा, बस. पण ते तुम्ही करायचं. मी शब्द दिलाय, मी नाय करणार."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. चिडण्याऐवजी त्यांनी वाट पाहिली, आणि त्यांच्या वाट पाहण्याचा मी फायदा घेतला. दादाचं लग्न होऊ दे म्हटलं. मग वहिनीला दिवस गेले, तेव्हा घरात वाद नको म्हटलं. मग माझं लग्न ठरलं आणि मी कारेलीबागेत राहायला आले, तेव्हा सासरी काय म्हणतील ही धास्ती. मग आप्पांना पहिला झटका आला आणि डॉक्टरांनी त्यांना त्रास देऊ नका म्हणून सांगितलं. ते तर देवानेच दिलेलं कारण होतं. प्रत्येक कारण खरं होतं. आप्पा मात्र दर पाहुण्याला त्या गालिच्यावर बसवून सांगत, "मूळचा दरबारी होता, तो एका फरासाने लांबवला." मी माहेरी गेले की तिथेच बसून हे ऐकत असे.

आप्पा गेले तेव्हा या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. तेरावं झाल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना, तेव्हा आम्ही दोघांनी कपाट सरकवलं. डाग जसाच्या तसा होता. दादाने उकिडवं बसून डागावरून बोट फिरवलं. "आता कशाला उकरतेस?" म्हणाला. "आप्पा गेले. त्यांच्या माघारी त्यांना खोटं पाडायचं का?" मी म्हटलं, "हो." आयुष्यात पहिल्यांदा मी या बाबतीत सरळ उत्तर दिलं, आणि तशीच रिक्षा करून प्रतापनगरला गेले.

दत्ता नुकताच पाळीवरून आला होता. खाकी कपड्यांत ओट्यावर बसून सायकलची चेन पुसत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याचा हात थांबला. "वडील गेले, बेन. पुढच्या महिन्यात वरस होईल." त्याने चेन पुसायला पुन्हा सुरुवात केली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पावडर, डाग, कोपरा, ट्रे, सगळं. मी इतकी वर्षं का बोलले नाही याची कारणं मात्र सांगितली नाहीत, तेवढी तरी लाज मी राखली. तो चेनची एकच कडी पुसत राहिला.

"हे त्यांना ठाऊक होतं?" शेवटी त्याने विचारलं. "की ती निशाणी तुमची आहे म्हणून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "माझ्या मुलीचं जमलेलं मोडलं. मुलाकडचे म्हणाले, आजा चोर आहे. तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही घेतला का तो गालिचा? म्हणाले, नाय. मी म्हटलं, मग काही पुरावा द्या, मी जाऊन सांगतो त्या लोकांना. तर गप्प. मी पाया पडलो त्यांच्या, तरी गप्प. मग मला वाटलं, घेतलाच असणार." तो माझ्याकडे बघत नव्हता. "त्या दिवसापासून मी बोललो नाय त्यांच्याशी. दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, बेन. तीन वर्षं बोललो नाय. गेले तेव्हाही नाय."

आतून त्याच्या बायकोने कोण आलंय म्हणून विचारलं. दत्ताने डोळे पुसले आणि तिला चहा ठेवायला सांगितलं. दारी आलेल्या माणसाला ते लोक तसंच पाठवत नाहीत. मी नको म्हणायला हवं होतं. मी चहा घेतला, कप ओट्यावर ठेवला आणि घरी आले.